छेदात काय आहे ते आधी बघा: बेसबॉलच्या बॅटिंगचे आकडे, सोलापूरच्या क्रिकेटवाल्यांसाठी

पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६ सालचा. ५९ कसोटींत त्यांच्या ३,६३१ धावा आणि सरासरी ४२.२२. ही सरासरी कशी निघाली हे सात रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला विचारा, तो उभ्या उभ्या सांगेल. डाव ९४, त्यातले नाबाद ८ वजा, उरले ८६. मग ३,६३१ भागिले ८६. नाबाद डाव का वजा करायचे, याचंही उत्तर त्याच्याकडे तयार असतं: गडी बाद झालाच नाही, तर तो डाव त्याच्या नावावर कशाला मांडायचा?

ज्याला एवढं कळतं त्याला बेसबॉलच्या बॅटिंगचे आकडे कळायला काहीच हरकत नाही. तरी गाडी अडते. ०.३७२ हा आकडा बघितला की क्रिकेटवाला हसतो, ‘अर्धी धाव बी नाही का बे?’ म्हणतो. इथे धावांचा संबंधच नाही. बॅटरच्या मोजलेल्या पाळ्यांपैकी किती पाळ्यांत त्याने हिट (बेसवर पोचवणारा फटका) मारली, तेवढंच हा आकडा सांगतो. ‘मोजलेल्या’ या शब्दावर सगळं अडलेलं आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येक आकडा पाळ्यांचा वेगळा ढीग छेदात घेतो, आणि कुठली पाळी कुठल्या ढिगात पडते हे समजलं की उरतो तो चौथीतला भागाकार.

शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत. शाळेच्या संघाबरोबर गेलं की क्रीडाशिक्षक हातात स्कोअरबुक देतात आणि ‘तुम्हाला क्रिकेटचं येतंय की’ म्हणून मोकळे होतात. हा लेख मुख्यतः अशा पालकांसाठी आणि पोरांसाठी आहे. पहाटे साडेचारला उठून अमेरिकेतले सामने बघणारे काही जण आपल्याकडेही आहेत, त्यांनाही उपयोग होईल. सॉफ्टबॉलचे हिशेब हेच, सूत्रंही हीच.

पायरी १: एक पाळी म्हणजे काय

बॅटर होम प्लेटपाशी (फलंदाजीच्या जागी) येऊन उभा राहिला आणि त्याचं काय ते झालं, म्हणजे तो बाद झाला किंवा बेसवर (धावपटूच्या थांब्यावर) पोचला, की एक पाळी पूर्ण झाली. तिला प्लेट अपिअरन्स म्हणतात, कागदावर ‘पीए’. इथे काहीही वगळायचं नाही. वॉक मिळाला, अंगावर चेंडू बसला, बंट करून स्वतः बाद झाला (हे शब्द पुढच्या पायरीत उलगडतील), सगळं पीएमध्ये जातं. एकच अपवाद ध्यानात ठेवा: दोन बाद असताना बॅटर खेळतोय आणि त्याची पाळी संपायच्या आधीच बेसवरचा धावपटू चोरटा बेस घेताना (फटक्याविना पुढच्या बेसकडे पळताना) बाद झाला, तर तिसरा गडी बाद म्हणून डाव तिथेच संपतो आणि ती पाळी कुणाच्याच खात्यात जात नाही. पुढच्या डावात तोच बॅटर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

स्कोअरबुकात पाळीला एक चौकोन असतो. त्यात निकाल लगेच लिहायचा, सामना संपल्यावर आठवून नाही. खुणा सगळीकडे जवळपास सारख्याच: स्ट्राइकआऊटला (तीन चेंडू हुकून किंवा चांगले चेंडू सोडून बाद) ‘के’, वॉकला ‘बीबी’, अंगावर लागला तर ‘एचबीपी’, एररला (क्षेत्ररक्षकाची चूक) ‘इ’ आणि पुढे क्षेत्ररक्षकाचा क्रमांक. क्रमांक असे: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग आऊटफिल्डमध्ये (बेसच्या पलीकडच्या मैदानात) डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. म्हणजे ‘इ-६’ दिसलं की शॉर्टस्टॉपची चूक. पाचवा आणि सहावा यांची जागा बघून नवा माणूस गोंधळतो, कारण मैदानावरून फिरत गेलं तर तिसऱ्या बेसच्या आधी शॉर्टस्टॉप लागतो. क्रम तसाच पाठ करायचा, वाद घालायचा नाही.

पायरी २: चाळणी लावा

आता त्या पीएमधून चार-पाच प्रकारच्या पाळ्या बाजूला काढायच्या. उरतात त्या ‘ॲट बॅट’, कागदावर ‘एबी’. सरासरीच्या छेदात एबी जातात, पीए नाही. नव्या स्कोअररच्या निम्म्या चुका इथेच होतात.

बाजूला काय काढायचं? वॉक, म्हणजे पिचरने चार ‘बॉल’ (मारण्याजोगे नसलेले चेंडू) टाकले आणि बॅटर चालत पहिल्या बेसवर गेला. हिट बाय पिच. सॅक्रिफाइस बंट, म्हणजे पुढच्या धावपटूला सरकवण्यासाठी बॅटरने मुद्दाम बॅट आडवी धरून चेंडू हळूच समोर टाकला आणि स्वतः बाद झाला. सॅक्रिफाइस फ्लाय, म्हणजे उंच झेल देऊन बॅटर बाद झाला, पण झेल घेतल्यावर तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला आणि धाव मिळाली. आणि क्वचित घडणारा कॅचरचा अडथळा: कॅचरचा ग्लोव्ह बॅटला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो.

यातला वॉक का वगळतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं. बेसबॉलच्या आकडेमोडीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा माणूस मुळात क्रिकेटचा वार्ताहर. १८२४ साली इंग्लंडात एक्सेटरला जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला. क्रिकेटच्या धावफलकासारखा बॉक्स स्कोअर त्यानेच बेसबॉलमध्ये रुजवला. वॉक ही पिचरची चूक, बॅटरचं त्यात कर्तृत्व काय, असं त्याचं मत. त्यामुळे वॉक ना अंशात, ना छेदात. मध्येच एका हंगामात, १८८७ मध्ये, वॉकला थेट हिट धरायचं ठरलं. सगळ्यांच्या सरासऱ्या आभाळाला भिडल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळला. माझ्या मते चॅडविकचं चुकलंच. वाईट चेंडूला हात न लावणं हे कौशल्य आहे, आणि सनी गावसकरांना ऑफस्टंपच्या बाहेरचे चेंडू सोडताना बघितलेल्या पिढीला ते वेगळं समजावून सांगायला नको. पण ती दुरुस्ती सरासरीत झाली नाही, वेगळ्या आकड्यात झाली. तो पुढे येतोय.

आता चाळणीतून न सुटणाऱ्या दोन पाळ्या, ज्या सुटतील असं वाटतं. पहिली, एररवर पोचणं. चेंडू सरळ शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याच्या हातून सुटला, बॅटर पहिल्या बेसवर. बॅटर बेसवर उभा आहे, पण कागदावर त्याचा एबी वाढला आणि हिट नाही. बाद झाल्यासारखाच हिशेब. दुसरी, फील्डर्स चॉइस: चेंडू अडवणाऱ्याने बॅटरला सोडून दुसऱ्या धावपटूला बाद केलं. बॅटर बेसवर, पुन्हा एबी आहे, हिट नाही. पोराच्या वडिलांना हे पटत नाही. ‘बाद तर झाला नाही ना माझा?’ म्हणत ते स्कोअररच्या टेबलापाशी येतात. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, निकाल बदलू नका.

पायरी ३: हिट कुणाला म्हणायचं

बॅटरने चेंडू मैदानात मारला आणि कुणाच्या चुकीशिवाय, दुसरा धावपटू बाद न होता, तो बेसवर पोचला तर हिट. पहिल्या बेसपर्यंत सिंगल, दुसऱ्यापर्यंत डबल, तिसऱ्यापर्यंत ट्रिपल, घरापर्यंत होम रन. आपल्याकडे बहुतेक मैदानांना कुंपणच नसतं, तेव्हा होम रन पळूनच पूर्ण करावा लागतो. तोही पूर्ण होम रनच, त्याला कमी भाव द्यायचं कारण नाही.

हिट की एरर, हा निर्णय स्कोअररचा. कसोटी अशी लावायची: त्या जागी उभ्या असलेल्या साधारण खेळाडूने साधारण प्रयत्नात तो चेंडू अडवून बॅटरला बाद केलं असतं का? हो असेल तर एरर, नाही तर हिट. मुरमाच्या मैदानावर ही कसोटी जड जाते. खड्यावर आपटून चेंडू अचानक उसळला आणि पोराच्या खांद्यावरून गेला, तर ती त्याची चूक नाही. तिथे हिट द्यायची. शंका राहिली तरी बॅटरला हिट द्यावी, असं माझं मत. पण दोन्ही संघांना तोच न्याय हवा.

डबल ठरवताना एक बारकावा. बॅटरने फटका मारून पहिला बेस गाठला आणि क्षेत्ररक्षक चेंडू दुसरीकडे, घराकडे निघालेल्या धावपटूला बाद करायला फेकतोय, तेवढ्यात बॅटर दुसऱ्या बेसवर सरकला. दिसायला दोन बेस, पण हिट सिंगलच. दुसरा बेस त्या थ्रोवर मिळाला.

पायरी ४: सरासरी

हिट भागिले एबी, तीन दशांश स्थळं. बस.

वाचताना मात्र पद्धत वेगळी आहे. ०.३०० ला ‘तीनशे’ म्हणायचं, ०.३७२ ला ‘तीनशे बहात्तर’. अमेरिकेत छापताना पुढचं शून्यही गाळतात. तीनशेच्या वर असेल तो चांगला बॅटर, असं जुन्या काळापासून मानतात. अलीकडच्या हंगामांत मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली सर्वोच्च स्पर्धा) सगळ्या बॅटरांची मिळून सरासरी ०.२४० ते ०.२५० च्या आसपास राहिली आहे, तेव्हा तीनशेचा भाव उलट वाढलाच आहे.

चारशेचं काय? १९४१ मध्ये बोस्टनचा टेड विल्यम्स हंगामाच्या शेवटच्या दिवशी ४४८ एबीत १७९ हिटवर होता. भागाकार करून बघा: ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत आणलं की कागदावर ०.४०० छापून आलं असतं. म्हणजे बसून राहिला असता तरी विक्रम होता. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ एबीत सहा हिट मारल्या आणि १८५ भागिले ४५६, म्हणजे ०.४०६ वर हंगाम संपवला. त्यात अजून एक गोष्ट आहे. त्या वर्षी सॅक्रिफाइस फ्लायचा नियम अमलात नव्हता. धाव मिळवून देणारे त्याचे उंच झेल सरळ एबी म्हणून छेदात गेले. नियम आजच्या रूपात आला तो १९५४ ला. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये विल्यम्सनंतर चारशेला कुणी पोचलेलं नाही. जवळ गेला टोनी ग्विन, १९९४ साली, ४१९ एबीत १६५ हिट, ०.३९४. तो हंगामही खेळाडूंच्या संपामुळे मध्येच थांबला.

२०२४ मध्ये मेजर लीगने जुन्या निग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांचे) आकडे अधिकृत नोंदींत मिळवले, आणि टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत पहिला आला, ०.३७२. खेळायची दारं बंद होती म्हणून ज्यांचे आकडे वेगळ्या वहीत राहिले होते, ते इतक्या वर्षांनी एकाच यादीत आले.

पायरी ५: बेसवर किती वेळा पोचला

चॅडविकने वगळलेला वॉक इथे परत येतो. ऑन-बेस पर्सेंटेज, कागदावर ‘ओबीपी’. १९८४ पासून मेजर लीगच्या अधिकृत आकड्यांत.

वर: हिट, वॉक आणि हिट बाय पिच यांची बेरीज.
खाली: एबी, वॉक, हिट बाय पिच आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज.

खालची ओळ पुन्हा वाचा. सॅक्रिफाइस फ्लाय तिथे आहे, सॅक्रिफाइस बंट नाही, कॅचरचा अडथळाही नाही. म्हणून ओबीपीचा छेद म्हणजे पीए नव्हे. संगणकावर तक्ता बनवणारे हमखास पीए टाकून मोकळे होतात आणि ज्या पोराने संघासाठी बंट केले त्याचाच आकडा खाली येतो.

फ्लायला एक न्याय आणि बंटला दुसरा का? बंट मुद्दाम केलेला असतो, कोचच्या खुणेवरून. तेव्हा बॅटर बेसवर पोचायचा प्रयत्नच करत नसतो. फ्लायमध्ये मात्र बॅटर पूर्ण ताकदीने फटका मारायला गेलेला असतो, झेल गेला ते नशीब. सरासरीत त्याला माफी मिळते, ओबीपीत मिळत नाही. यातून एक विचित्र गोष्ट होते. समजा तीन एबीत एक हिट, एक सॅक्रिफाइस फ्लाय आणि वॉक एकही नाही. सरासरी १ भागिले ३, म्हणजे ०.३३३. ओबीपी १ भागिले ४, म्हणजे ०.२५०. ओबीपी सरासरीपेक्षा कमी! नवा माणूस म्हणतो, सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे. वॉक न घेणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत हंगामाच्या सुरुवातीला असं खरंच दिसतं.

पायरी ६: फटक्याचं वजन

सरासरीचा मोठा दोष असा की तिला सिंगल आणि होम रन सारखेच. एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसाचा माल मोजताना चादर आणि हातरुमाल दोन्ही ‘एक नग’ धरले, तर मालक किती दिवस टिकेल? स्लगिंग पर्सेंटेज, कागदावर ‘एसएलजी’, यासाठीच आहे. सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३, होम रनला ४, अशी बेरीज करायची. तिला टोटल बेसेस म्हणतात. ती भागिले एबी. नावात टक्का असला तरी हा टक्का नाही. प्रत्येक एबीत होम रन मारला तर आकडा ४.००० येईल.

बेरीज करताना चूक कुठे होते तेही सांगतो. वर्तमानपत्रात किंवा संकेतस्थळावर हिट, डबल, ट्रिपल, होम रन असे चार रकाने असतात. सिंगलचा रकाना नसतो. हिटमधून बाकी तिन्ही वजा करून सिंगल काढायचे. हिटची पूर्ण संख्याच सिंगल धरली की प्रत्येक डबल तीनदा मोजला जातो.

ओबीपी आणि एसएलजी यांची बेरीज म्हणजे ‘ओपीएस’. गणिताच्या मास्तरांना हे बघवणार नाही, कारण छेद वेगळे असलेले दोन अपूर्णांक नुसते मिळवलेत. आणि खरोखर, बेसवर पोचण्याची किंमत धावांच्या हिशेबात स्लगिंगच्या तुलनेत दीडपटीहून जास्त असते. ओपीएस दोन्ही सारखेच धरते. पण पेन-कागदावर निघणाऱ्या आकड्यांत इतकं काम दुसरा कुठलाही आकडा करत नाही. साधारण ०.८०० च्या वर चांगला, ०.९०० च्या वर फार चांगला, आणि १.००० च्या वर हंगाम संपवणारे बोटांवर मोजण्याइतके.

आता हे तिन्ही एकत्र कसे वाचायचे, त्यासाठी २००४ चा हंगाम घ्या. त्या वर्षी सिअ‍ॅटलच्या इचिरो सुझुकीने ७०४ एबीत २६२ हिट मारल्या. एका हंगामातला हा विक्रम; आधीचा जॉर्ज सिस्लरचा, २५७ हिटचा, १९२० पासून उभा होता. सरासरी ०.३७२, अमेरिकन लीगमध्ये पहिला. त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बाँड्स पहिला, ३७३ एबीत १३५ हिट, ०.३६२. सरासरी बघितली तर इचिरो दहा पावलं पुढे.

ओबीपी काढू. इचिरोला ४९ वॉक, ४ वेळा चेंडू लागला, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. वर २६२ + ४९ + ४ = ३१५, खाली ७०४ + ४९ + ४ + ३ = ७६०. उत्तर ०.४१४. उत्तमच आहे. बाँड्सला २३२ वॉक, ९ वेळा चेंडू लागला, ३ सॅक्रिफाइस फ्लाय. वर १३५ + २३२ + ९ = ३७६, खाली ३७३ + २३२ + ९ + ३ = ६१७. उत्तर ०.६०९. म्हणजे पाचात तीन वेळा हा माणूस बेसवर. त्या २३२ पैकी १२० वॉक पिचरने जाणूनबुजून दिलेले. याला मारायला देण्यापेक्षा जा बाबा पहिल्या बेसवर, असा हिशेब. सरासरीच्या आकड्यात या २३२ पाळ्यांचा मागमूस नाही.

स्लगिंग. इचिरोचे २४ डबल, ५ ट्रिपल, ८ होम रन. २६२ मधून हे ३७ वजा, सिंगल २२५. टोटल बेसेस २२५ + ४८ + १५ + ३२ = ३२०. भागिले ७०४, ०.४५५. बाँड्सचे २७ डबल, ३ ट्रिपल, ४५ होम रन, म्हणून सिंगल ६०. बेसेस ६० + ५४ + ९ + १८० = ३०३. भागिले ३७३, ०.८१२.

संकेतस्थळांवर हे तिन्ही आकडे एका ओळीत तिरक्या रेघा घालून देतात: इचिरो ०.३७२/०.४१४/०.४५५, बाँड्स ०.३६२/०.६०९/०.८१२. क्रम कायम तोच, सरासरी, ओबीपी, एसएलजी. पहिल्या आकड्यावर थांबलात तर दोघे बरोबरीचे वाटतात. बाँड्सवर उत्तेजक द्रव्यांचे आरोप आहेत आणि त्याचे विक्रम अनेकांना मान्य नाहीत, तो वाद वेगळा. भागाकाराला त्यातलं काही कळत नाही. इचिरोचा खेळ मला जास्त आवडतो, पण त्या वर्षी चांगला बॅटर कोण या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

पायरी ७: स्वतः एकदा करून बघा

समजा, जुळे सोलापुरातल्या एखाद्या मैदानावर मुलींचे तीन सामने झाले. आपल्या बॅटरच्या पाळ्या अशा. पहिला सामना: स्ट्राइकआऊट, सिंगल, वॉक, ग्राउंडआऊट (जमिनीवरून मारून बाद). दुसरा: डबल, सॅक्रिफाइस फ्लाय, एररवर पोचली, वॉक, झेलबाद. तिसरा: चेंडू लागला, फील्डर्स चॉइस, होम रन, सॅक्रिफाइस बंट, स्ट्राइकआऊट. पुढचं वाचण्याआधी कागद घ्या.

पीए १४. चाळणीतून वॉक २, एचबीपी १, फ्लाय १, बंट १ बाहेर, एबी ९. पडताळा इथेच घ्यायचा: ९ + २ + १ + १ + १ = १४. हे जुळलं नाही तर पुढे जाऊच नका. हिट ३, सरासरी ०.३३३. ओबीपी वर ३ + २ + १ = ६, खाली ९ + २ + १ + १ = १३, उत्तर ०.४६२. बेसेस १ + २ + ४ = ७, भागिले ९, ०.७७८. ओपीएस किती? दोन्ही छापील आकडे मिळवले तर १.२४०. पण मूळ अपूर्णांक मिळवून शेवटी तीन स्थळांवर आणलं तर १.२३९. बरोबर ते दुसरं. बाँड्सचंही तसंच होतं, ०.६०९ आणि ०.८१२ मिळवून १.४२१ येतं, अधिकृत आकडा १.४२२. आकडा तीन स्थळांवर एकदाच आणायचा, सगळ्यात शेवटी.

पोरगी आठ वेळा बेसवर उभी दिसली, ओबीपीने सहाच मोजले. एरर आणि फील्डर्स चॉइस गेले. हे तिला आधीच सांगून ठेवा.

दुसरा सापळा, सरासऱ्यांची सरासरी. एका सामन्यात दोन एबीत एक हिट, ०.५००, दुसऱ्यात चारात एक, ०.२५०. मधला आकडा ०.३७५ काढू नका. हिट मिळवा, एबी मिळवा, मग भागा: २ भागिले ६, ०.३३३. संघाची सरासरीही अशीच काढायची.

राहिलेले आकडे, थोडक्यात

आरबीआय म्हणजे बॅटरच्या पाळीमुळे घरी आलेल्या धावा. तिन्ही बेस भरलेले असताना वॉक मिळाला तरी एक मिळतो; एररमुळेच आलेल्या धावेला किंवा ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद, होत असताना आलेल्या धावेला मिळत नाही. आधीचे बॅटर बेसवर पोचलेच नसतील तर बिचारा आरबीआय कुठून आणणार? म्हणून मी त्याला फार मानत नाही. मात्र स्कोअररने तो जपून लिहावा. हॅक विल्सनचा १९३० चा विक्रम कित्येक वर्षं १९० म्हणून छापला जात होता. एका सामन्यातला त्याचा आरबीआय दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं उघड झालं आणि १९९९ मध्ये अधिकृत आकडा १९१ झाला.

बॅबिप हा नशिबाचा अंदाज घेणारा आकडा. वर हिट वजा होम रन. खाली एबी वजा स्ट्राइकआऊट वजा होम रन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय. म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या आवाक्यात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले. मोठ्या लीगमध्ये हा ०.३०० च्या आसपास घुटमळतो. एखादा महिनाभर ०.४०० वर असेल तर खाली येण्याची शक्यता जास्त. इचिरोसारखा वेगात पळणारा अपवाद: २००४ मध्ये त्याचा अख्ख्या हंगामाचा ०.३९९ होता.

‘ओपीएस प्लस’ दिसलं तर एवढंच लक्षात ठेवा: १०० म्हणजे त्या हंगामाचा सर्वसाधारण बॅटर, १५० म्हणजे त्याहून दीडपट भारी. मैदानाचा फरकही त्यात धरलेला असतो, कारण डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात विरळ हवेत चेंडू लांब जातो. हा आकडा हाताने काढत बसू नका.

पायरी ८: बक्षीस देण्याआधी

स्पर्धेत उत्कृष्ट बॅटरचं बक्षीस सरासरीवर द्यायचं ठरवलं, तर एक एबी, एक हिट, १.००० वाली पोरगी हक्काने पुढे येईल, आणि तिचं चूक नसेल. म्हणून किमान पाळ्यांची अट हवी. मेजर लीगमध्ये संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ पीए लागतात, १६२ सामन्यांचे ५०२. बघा, अट पीएवर आहे, एबीवर नाही. नाही तर बाँड्ससारखा वॉक घेणारा बादच झाला असता. अटीतही एक पळवाट ठेवली आहे. १९९६ ला टोनी ग्विनची सरासरी ०.३५३, ४५१ एबीत १५९ हिट, पण पीए ४९८, म्हणजे चार कमी. नियमाने त्याच्या खात्यात हिट नसलेले चार एबी कागदावर वाढवले. १५९ भागिले ४५५, ०.३४९. तरीही दुसऱ्या नंबरच्या एलिस बर्क्सच्या ०.३४४ पेक्षा जास्त, म्हणून पहिला क्रमांक ग्विनलाच, आणि छापताना त्याची खरी ०.३५३ च.

शाळेच्या सामन्यांत डाव कमी असतात, खेळाडू बदलत राहतात. तेव्हा सामन्यामागे दोन पीए पुरे. चार सामन्यांची स्पर्धा असेल तर आठ, आणि एखादीची एक-दोन पाळी कमी पडली तर ग्विनचाच नियम लावा. बक्षीस सरासरीवर न देता ओपीएसवर दिलं तर अजून बरं. काहीही ठरवा, पण पहिल्या सामन्याच्या आधी कागदावर लिहून दोन्ही कोचच्या सह्या घ्या.